तिसरी पिन

५ जानेवारी, रविवार

नवी वही. मराठीत लिहिते, कारण केयूरला मराठी अक्षरं जुळवत वाचावी लागतात आणि तेवढा धीर त्याच्यात नाही.

तो सकाळी अंधेरीहून आला आणि लॅपटॉप देऊन गेला. चंदेरी, अख्खा धातूचा, ताटलीसारखा पातळ. "आई, तो जुना डबा आता भंगारात दे." जुना डबा काळ्या प्लास्टिकचा होता. त्याच्यावर मी वर्तमानपत्रांच्या संपादकांना फुटपाथ, भोंगे, गटारं अशा विषयांवर पत्रं लिहिली, त्यातली काही छापूनही आली. पण मुलाने दिलेली वस्तू आहे, घेतली.

रेवती आली नव्हती. माझ्या सुनेचा रविवार मला अजून मोकळा सापडलेला नाही.

जाताना चप्पल घालता घालता त्याने विषय काढलाच. "निलेश सावे भेटला खाली. म्हणाला, सहा-सहावर अडकलंय सगळं. तुझ्यामुळे."

"माझं मत एकच आहे, केयूर. उरलेली पाच मी चोरली का?"

तो हसला नाही. निलेश सावे आमचा सेक्रेटरी. मुलुंड पूर्वेची ही आमची 'शुभंकर', बिनलिफ्टची, बारा बिऱ्हाडांची. त्याला ती पाडून तिथे टॉवर हवाय. सहाजण त्याच्या बाजूने, सहाजण विरुद्ध, आणि विरुद्ध बाजूची पुढारी मी. काय वाईट आहे या बिल्डिंगीत? भिंतीत खिळा ठोकायचा तर खिळा वाकतो. रीडेव्हलपमेंटला गेलेली म्हातारी माणसं नव्या घरी परत येतात ती फोटोतून, हार घालून. आमचे हे, मार्तंड, याच घरातून गेले, मलाही इथूनच जायचंय. बाकी आता मला कुणाकडून काही नको.

८ जानेवारी, बुधवार

लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात.

मनगट टेकवलं की बारीक झिणझिण. बोट हलकं फिरवलं तर तो गुळगुळीत पत्रा खरखरीत लागतो, जणू आतून कुणी थरथरतंय. बोट थांबवलं की पुन्हा गुळगुळीत. मालन फरशी पुसून गेल्यावर, पाय ओलसर असताना, जास्तच. चार्जर काढला की काही नाही.

केयूरला फोन केला. "आई, नवीन वस्तू आहे, सवय होईल." करंटची सवय करून घ्यायला मी वायरवरचा कावळा नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

मालनचं नवीनच. भांडुपहून येते, चांगली सहा-सात वर्षं माझ्याकडे आहे, आणि आता म्हणते वॉशिंग मशीनला हात लावणार नाही. "बाई, चावतं ते."

"मशीन चावत नाही, मालन. पायात स्लीपर घाल."

"घातली तर नाही चावत."

"मग घाल."

"न्हाणीत ओली होते ना ती." आणि बादलीत कपडे भिजवून हाताने धुवायला बसली, तोंड फुगवून. काम टाळायचं असलं की या बायकांना काय काय सुचतं. मशीन सुरू करणं हे तरी काम आहे का.

१४ जानेवारी, मंगळवार

समोरच्या अनुपमाकडे हळदीकुंकू. मार्तंड गेल्यापासून अशा दिवशी मी जिन्यात दिसले की बाकीच्या बायका पर्समध्ये काहीतरी शोधायला लागतात. अनुपमा मात्र दरवर्षी येते, मनगट धरून नेते आणि सगळ्यांच्या देखत मला कुंकू लावते. ती तशी ठाम बाई नाही. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत जो शेवटी बोलेल त्याचं तिला पटतं. बिल्डिंग पाडायला ती नको म्हणते, तेही मी म्हणते म्हणून. पण कुंकवाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही.

तिथे मुंग्यांचं सांगितलं. सेक्रेटरीची बायको माधुरी म्हणाली, "काकू, शुगर बघून घ्या. माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं." मग सगळ्या बायकांच्या आत्या निघाल्या. एकीची तर पाय काढेपर्यंत गेली.

"अगं, वसू म्हणते म्हणजे काहीतरी असणार," अनुपमा म्हणाली. पण ते ती तिळगुळाची ताटली फिरवताना म्हणाली, त्यामुळे मी हिशेबात धरलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

माधुरीने निलेशला सांगितलं, निलेशने केयूरला. आज केयूर मला घाटकोपरला नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर पोरगेलासा, माझ्याशी न बोलता केयूरशी बोलत होता. "आईंना विसरायला वगैरे होतं का?"

"आई इथेच बसली आहे," मी इंग्रजीत सांगितलं, "आणि तिला तुमचं दारावरचं नावही आठवतंय. त्यात स्पेलिंगची चूक आहे." कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर इमॅक्युलाटा आम्हाला शिकवायच्या, मुली, सरळ उभी राहा आणि ऐकू जाईल असं बोल. तो निदान त्यानंतर माझ्याकडे बघायला लागला.

तपासणी अशी, की हातापायाला तारा लावून करंट देतात आणि नस किती जोरात उडते ते मोजतात. करंट लागतो अशी तक्रार घेऊन गेले, तर तपासायला करंट दिला. नसा वयाच्या मानाने ठीक निघाल्या. बी-ट्वेल्व्ह जरा कमी. केयूरचा चेहरा असा उजळला, जणू खुनी सापडला.

२१ जानेवारी, मंगळवार

तीन दिवस अंधेरीला. ट्रेडमिल ठेवलेली खोली मला दिली. रेवती फार गोड वागली. "आई, ही खोली तुमचीच समजा. ट्रेडमिल काय, बाल्कनीत जाईल." मला शंका आली. इतक्या गोड आवाजात ती फक्त बँकवाल्यांशी बोलते.

पण एक गोष्ट सापडली. लॅपटॉप बरोबर नेला होता. तोच चार्जर, तेच माझे हात, अनवाणी पाय, ओली फरशीसुद्धा करून बघितली. एकही मुंगी नाही. म्हणजे रोग माझ्यात नाही. रोग मुलुंडच्या माझ्या घरात आहे.

मी रात्री जेवताना हे सांगितलं. केयूरने पोळीचा तुकडा खाली ठेवला. "बघ. आमच्याकडे तुला बरं वाटतं. मी आणखी काय वेगळं सांगत होतो?"

या मुलाच्या शिक्षणावर मी इतकी वर्षं घातली.

२७ जानेवारी, सोमवार

कंपनीच्या मदत-क्रमांकावर एका मुलीशी बोलले. ती लखनौहून बोलत होती, पण हुशार होती. म्हणाली, धातूच्या लॅपटॉपला थोडी गळती असतेच. चार्जर दोन पिनेचा लावलात तर ती गळती तुमच्या हातातून जमिनीत जाते. तीन पिनेची केबल घ्या; तिसरी पिन ती गळती परस्पर जमिनीत नेते, त्याला अर्थिंग म्हणतात.

स्टेशनजवळून तीन पिनेची केबल आणली. लावली. मनगट टेकवलं.

मुंग्या. पूर्वीपेक्षा जास्त.

३० जानेवारी, गुरुवार

इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याला सगळे भाऊ म्हणतात. खिशात दोन मोबाइल, कानात तिसरा. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, प्रॉब्लेम सांगू नका, मी सांगतो," आणि सगळा चुकीचा सांगितला. मग मी त्याला खाली बसवून पहिल्यापासून सांगितलं.

त्याने एक बल्ब घेतला, त्याला दोन तारा. दोन्ही तारा सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत घातल्या, बल्ब लागला. मग एक तार काढून वरच्या, तिसऱ्या भोकात घातली. बल्ब गेला. स्वयंपाकघरात, न्हाणीत, हॉलमध्ये तेच. "अर्थिंग डेड आहे," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"पाइप बदलले तेव्हापासून." अगदी सहज म्हणाला. त्याच्या बाबांनी या बिल्डिंगीची वायरिंग केली. तेव्हा अर्थिंगची तार सरळ पाण्याच्या पाइपला बांधायचे. लोखंडी पाइप जमिनीत जातो, काम झालं. "मुलुंडात तेव्हा बरेच जण असंच करायचे, मॅडम. मग तुम्ही लोकांनी पाइप प्लास्टिकचे बसवले. प्लास्टिक करंट जमिनीत नेणार आहे का?"

"तुला हे माहीत होतं?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काम प्लंबरला दिलं होतंत तुम्ही. दुसऱ्याच्या कामात मी तोंड घालत नाही."

पाणी तांबडं यायचं म्हणून पाइपांसाठी सोसायटीच्या मागे मीच लागले होते, हे त्याला आठवत होतं. मलाही आठवतं. पण मी पाइप बदला म्हटलं होतं, अर्थिंग काढा नव्हतं म्हटलं.

आणि याहून वाईट पुढे. बाराही घरांच्या अर्थिंगच्या तारा जिन्यातल्या एकाच तारेला जोडलेल्या आहेत. ती तार आता कुठेच जात नाही. "उद्या तळमजल्यावर एखाद्याचा गिझर आतून खराब झाला ना, तर करंट जमिनीत जाणार नाही. तो त्या तारेवरून वर येणार आणि तुमच्या फ्रिजच्या दांडीला येऊन बसणार. तुम्ही हात लावलात की खलास. मुंग्यांवर भागतंय तेच नशीब समजा."

मालन ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. "मी केव्हापासनं सांगत होते, बाई."

तिची सवयच आहे, महत्त्वाची गोष्ट पुटपुटून सांगायची.

२ फेब्रुवारी, रविवार

केयूरला बल्बचा व्हिडिओ पाठवला. उत्तरात अंगठा आला. निलेशकडे गेले. तो सोफ्यावर पाय वर घेऊन क्रिकेट बघत होता. "काकू, चाळीस वर्षं बिल्डिंग उभी आहे, कुणाला काही झालंय का?"

"झाल्यावर मला सांगायला येशील की आधी पोलिसांकडे जाशील?"

"मीटिंगला ठेवतो विषय," म्हणाला. टीव्हीवरून नजर काढली नाही. मीटिंग केव्हा, तर बघू.

घरी येऊन पत्र लिहायला बसले. अंगठ्याखाली पत्रा झिणझिणत होता आणि मला बरंच वाटलं. साक्षीदार हाताशी असल्यासारखं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पत्र झालं. इंग्रजीत, सोसायटीच्या नावे, प्रत वॉर्ड ऑफिसला, प्रत वीज कंपनीला. बऱ्याच दिवसांत इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. कुठेही आवाज चढवला नाही, पण वाक्य वाचलं की झोप उडावी. 'या इमारतीत राहणारा प्रत्येक जीव आज केवळ नशिबावर जगतो आहे.' शेवटी विचारलं आहे की समिती पहिल्या मृत्यूची वाट बघते आहे का.

सही करताना हात अजिबात कापला नाही. त्या घाटकोपरच्या डॉक्टरने बघायला हवा होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

निलेश स्वतः वर आला. दोन जिने चढून. हातात माझं पत्र. "मॅडम," म्हणाला. काकूची मॅडम झाले. "काय लिहिलंय. माझ्या अंगावर काटा आला." त्याला पटलं, असं त्याने तोंडाने कबूल केलं. हे सगळ्यांना कळायला हवं, म्हणाला. तुम्ही भाऊला घेऊन प्रत्येक घरात जा, बल्ब लावून दाखवा. सेक्रेटरी म्हणून माझी परवानगी आहे.

मी म्हटलं, परवानगी मी मागितली नव्हती. पण मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. माणूस चुकतो, पण पुरावा दाखवला तर सुधारतो. पत्राच्या बारा प्रती त्याने स्वतः काढून आणल्या आणि वॉर्ड ऑफिसची प्रत स्वतः नेऊन दिली. पोच आणून माझ्या हातात ठेवली.

केयूरचाही फोन आला. "आई, सॉरी. तुझं बरोबर होतं." या वाक्याची मी तो दहावीत असल्यापासून वाट बघते आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाच घरं झाली. भाऊ बल्ब धरतो, मी बोलते. तळमजल्याच्या आजोबांनी विचारलं, "आता काय करायचं?" मी म्हटलं, घाबरायचं. घाबरल्याशिवाय ही समिती हलणार नाही. उपाय साधा आहे: कंपाउंडमध्ये खड्डा खणायचा, त्यात धातूची प्लेट, भोवती मीठ आणि कोळसा, आणि तिथून वरपर्यंत नवी तार. पण उपाय सांगायला लागलं की लोक जांभया देतात. फ्रिजच्या दांडीचं सांगितलं की बायका पदराला हात पुसतात. म्हणून मी फ्रिजवर भर देते.

मालनचंही उदाहरण देते. "माझ्या बाईला मशीनचा शॉक बसत होता आणि कुणी लक्ष दिलं नाही." तिला मी शेजारीच उभी करते.

१६ फेब्रुवारी, रविवार

अनुपमाकडे शेवटी गेले, ती काय समोरच. तिची नात शनिवार-रविवार ठाण्याहून येते, चार वर्षांची, सारखी फ्रिज उघडून आत डोकावत असते, अनवाणी. भाऊने बल्ब लावला, गेला. मी फ्रिजचं सांगितलं, दाखवलंही, ही दांडी, हा हात.

अनुपमा खुर्चीत बसली. "वसू, हे खरं आहे?"

"मी कधी खोटं बोललेय?"

"नाही गं. तू नाहीच बोलत." नातीला उचलून आत नेलं आणि फ्रिजला स्टुलं लावून ठेवली. निघताना म्हणाली, "भाऊ सांगतो ते मला विकायला आल्यासारखं वाटतं. पण तू सांगतेस म्हणजे आहे."

अख्ख्या बिल्डिंगीत एका माणसाने मला पुरावा मागितला नाही. आज झोप छान लागेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मीटिंगची नोटीस लागली, रविवारी. विषय एक: 'इमारतीची धोकादायक स्थिती व पुढील निर्णय.' मी निलेशला म्हटलं, स्थिती इमारतीची नाही, अर्थिंगची. म्हणाला, "मॅडम, थोडं जोरात लिहिल्याशिवाय लोक येत नाहीत, तुम्हाला तर माहितीये." ते बाकी खरं. भाषणाची तयारी केली. खड्ड्याची जागाही बघून ठेवली, निलेशची गाडी उभी असते तिथे. गाडी हलवावी लागेल त्याला. त्याचं मला विशेष दुःख नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

काय झालं ते क्रमाने लिहिते.

खाली पार्किंगमध्ये खुर्च्या. बाराही घरं हजर, असं कधी झालं नव्हतं. निलेशने सुरुवातीला माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. "मॅडमनी जे केलं ते कमिटीने करायला हवं होतं." मी उभी राहिले, खड्डा, प्लेट, मीठ, कोळसा, नवी तार, सगळं सांगितलं. भाऊला मागे उभा केला होता. निलेशने त्याला विचारलं, "भाऊ, एवढ्याने होईल?"

भाऊने मान खाजवली. "खड्डा मारला तर अर्थिंग मिळेल. पण आतल्या वायरी बाबांच्या वेळच्या आहेत. करायचं तर सगळं करावं लागेल. भिंती फोडाव्या लागतील प्रत्येकाच्या."

"म्हणजे बिल्डिंगच आतून गेलीय," निलेश म्हणाला. हे भाऊ म्हणाला नव्हता. मग त्याने खिशातून माझं पत्र काढलं आणि माझं ते वाक्य वाचलं. इंग्रजीत, मग मराठीत. प्रत्येक जीव केवळ नशिबावर. त्याचे उच्चार वाईट आहेत, पण वाक्य चांगलं आहे, त्यामुळे कुणी हललं नाही. "हे मी नाही म्हणत. मॅडम म्हणतायत. वॉर्ड ऑफिसच्या रेकॉर्डला आहे."

तेव्हा मला कळलं, त्याने बारा प्रती कशासाठी काढल्या होत्या ते. लिहायलाही लाज वाटते, इतक्या उशिरा.

मी म्हटलं, "मी दुरुस्त करा म्हटलं होतं, पाडा नव्हतं म्हटलं."

"मॅडम, तुम्ही सांगा. आज, या क्षणी, ही बिल्डिंग राहायला सेफ आहे का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सेफ आहे, असं म्हणता आलं असतं मला. म्हणता आलं असतं की माझ्या नसाच तशा आहेत, बी-ट्वेल्व्ह कमी आहे, मुलाला विचारा. पाच घरं तरी घरी जाऊन झोपली असती. केयूर मागच्या रांगेत होता. त्याला मी बोलावलं नव्हतं. तो मान खाली घालून बसला होता.

"नाही," मी म्हटलं. "सेफ नाही. पण होऊ शकते."

दुसरं वाक्य कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. हात वर करायला सांगितले. सहा हात वर गेले, नेहमीचे. आणि मग माझ्या शेजारच्या खुर्चीतून सातवा. अनुपमाने तो कानापर्यंतच नेला होता. पण निलेशने मोजला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

केयूरचा फोन. वाईट वाटतंय असं म्हणाला आणि मग ट्रेडमिल बाल्कनीत हलवल्याचं सांगितलं. मी फोन बाजूला ठेवून दिला. त्यातून बराच वेळ "आई? आई?" येत होतं.

जिन्यात निलेश भेटला. "काकू, बिल्डर चांगला आहे हो, काळजी करू नका." काकू.

मालनने फरशी पुसता पुसता विचारलं, "बाई, तुम्ही अंधेरीला जाणार का?"

"कुणी सांगितलं?"

"मग माझं काम?" तिला फक्त स्वतःचंच पडलेलं असतं.

अनुपमाने दोनदा बेल वाजवली. उघडलं नाही. पाऊल ओळखता येतं तिचं, डाव्या पायाने घासत चालते. दाराशी थांबली, मग समोरचं दार लागल्याचा आवाज आला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. पत्र लिहायला बसले, कशावर लिहायचं सुचलं नाही.

१ मार्च, शनिवार

आज तिसऱ्या बेलला दार उघडलं, कारण शेजारपाजार बघायला लागतो.

अनुपमा हातात कसलासा डबा घेऊन उभी. मी आत ये म्हटलं नाही. ती उंबऱ्याच्या पलीकडेच बोलली.

"रागावलीस ना."

"नाही. रागावायला माणसाकडून अपेक्षा असावी लागते."

"असं बोलू नकोस गं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं पाणी लवकर येतं, त्यावर जाऊ नये. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हात वर केला नसता, वसू. निलेश गेली तीन वर्षं सांगतोय, केला का कधी? तू सांगितलंस. तू म्हणालीस, दांडीला हात लावला की खलास. मला आता रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटते. पोरगी आली की मी फ्रिजसमोर बसून राहते. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहितीये, मग मी काय करायला हवं होतं?"

"खड्ड्याला मत द्यायला हवं होतं."

"खड्ड्याला कुणी मत मागितलंच नाही."

हे खरं आहे. मतदान एकाच गोष्टीवर झालं. मी इतक्या सभांमध्ये लोकांना शिस्त शिकवली आणि माझा ठराव आधी मतास घ्या, एवढं म्हणायचं माझ्या लक्षात आलं नाही. हे मी तिला सांगितलं नाही.

तिने पदराने डोळे टिपले आणि मग मुद्द्यावर आली. बिल्डर तीन वर्षांसाठी भाड्याची घरं दाखवतोय, कांजूरमार्गला आणि भांडुपला. ती उद्या जावयाबरोबर बघायला जाणार आहे. एकाच बिल्डिंगीत दोन मिळाली तर समोरासमोर घेऊ, असं तिच्या मनात आहे. तू अंधेरीला जाशील का गं, तिने विचारलं. नाही, मी म्हटलं. एवढं एक मी आठवडाभरात ठरवलं होतं, आणि ते पहिल्यांदा तिलाच कळावं याचा मला राग आला.

"मग येशील उद्या? मला त्या अर्थिंगमधलं काही कळत नाही. बिल्डरचा माणूस म्हणेल अर्थिंग आहे, मी हो म्हणेन. जावई पण हो म्हणेल. तू बघितलंस तर मला खात्री."

मी तिच्याकडे बघितलं. ही बाई माझं घर पाडून आली आहे आणि माझ्याच भरवशावर दुसरं बघायला निघाली आहे.

"भाऊला मी सांगते," मी म्हटलं. "बल्ब घेऊन येईल. पण मी तुझ्याशी बोलणार नाही."

"बरं," अनुपमा म्हणाली. डबा उंबऱ्यावर ठेवला. "अकराला निघतोय आम्ही."

"साडेनऊला निघायचं. अकराला भांडुपला ऊन असतं."

"बरं," म्हणाली आणि गेली.